संगतीचा दोष कोणाचा?

भाविक वाचकहो, आपल्या संप्रदायात ‘संगत’ या शब्दाला केवढा मान आहे हे आम्ही सांगायला नको. नामाच्या खालोखाल संतसंगतीचाच महिमा. माळ घालताना, वारीला निघताना, कीर्तनाला बसताना आपण संगतच शोधत असतो. पण हाच शब्द आपण आणखी एके ठिकाणी वापरतो. कोणाचं पोर बिडी ओढताना सापडलं, खर्रा खाताना दिसलं, दारू पिऊन बांधीच्या धुऱ्यावर पडलेलं आढळलं, की गावातला शहाणा माणूस मान हलवून म्हणतो, ‘‘वाईट संगतीनं बिघडला.’’ बाप तेच म्हणतो, मास्तर तेच म्हणतात. एवढं म्हटलं की सगळ्यांची सुटका होते. संगत वाईट होती, म्हणजे ती कोणा दुसऱ्याची होती. आमचा प्रश्न एवढाच की, ती संगत आली कोठून? आकाशातून पडली काय?

भंडारा जिल्ह्यापुरतंच बोलू. तळ्यांचा आणि धानाचा हा जिल्हा. पवनीपासून तुमसरपर्यंत, लाखनी-साकोलीपासून लाखांदूरपर्यंत कोणत्याही गावी उतरा, एस. टी. थांबते तिथं पानठेला असतोच. ठेलेवाला पन्नीवर कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना टाकतो आणि तळव्याखाली जोर लावून घोटतो. हा खर्रा. पश्चिमेकडचे लोक याला मावा म्हणतात. पाहुणा आला की चहाच्या आधी खर्रा पुढे होतो. रोवण्याच्या दिवसांत मजुरीबरोबर खर्रा मागितला जातो. आणि तो ठेल्यावरून आणतो कोण? घरातलं आठ-नऊ वर्षांचं पोर. ‘‘जा रे, एक खर्रा घोटून आण, माझं नाव सांगजो,’’ असं बापच त्याला सांगतो. पोर धावत जातं, धावत येतं, आणि वाटेत पुडीतली चिमूटभर सुपारी तोंडात टाकून पाहतं. आता सांगा, त्याची पहिली वाईट संगत कोणती? शाळेच्या मागे भेटणारा मोठा मुलगा तर अजून चार वर्षांनी भेटायचा आहे!

हे आम्ही अतिशयोक्तीनं म्हणतो असं कोणी समजू नये. देशभरातल्या तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची २०१९ साली सरकारी पाहणी झाली. तीत ८.५ टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारी निघाली. त्यांतल्या चघळायची तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहावा वाढदिवस होण्याच्या आत चाखली होती. दहा वर्षांच्या आत! त्या वयाच्या पोराला आपण एकट्याला जत्रेला पाठवत नाही.

यात गरिबीचा आणि पोटाचाही भाग आहे, तो विसरून चालणार नाही. हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या बिडीचा जिल्हा. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता यायचा, आणि घरोघर आया-बहिणी सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळायला बसायच्या. हजार बिड्यांमागे मजुरी. त्या मजुरीवर कित्येकांची शिक्षणं झाली, लग्नं झाली. तो धंदा आता पुष्कळ ओसरला आहे, पण ज्या मांडीवर पोर झोपलं त्याच मांडीवर तंबाखूचं सूप होतं, ही गोष्ट काही खोटी नाही. त्या माउलीला दोष देणाऱ्यानं आधी तिच्या चुलीकडे पाहावं. मात्र ज्या घराला तंबाखू परकी नाही, त्या घरातल्या मुलाला तिची भीती वाटणार नाही, हे कार्यकारण आपण समजून घेतलंच पाहिजे.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. काही मंडळी तंबाखूला परंपरेतली म्हणतात. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली. तंबाखू आली पोर्तुगीजांच्या गलबतांतून, अमेरिकेकडून, त्यानंतर अडीचशेच्या वर वर्षांनी. ज्ञानोबा-नामदेवांच्या वाळवंटात तिचा वासही नव्हता. परंपरा सांगायची तर नीट सांगावी.

असो. मूळ प्रश्नाकडे वळू. पोर व्यसनाला लागलं तर दोष कोणाचा, याची दोन उत्तरं आपल्या लोकांत चालतात. एक म्हणतो, ज्याचं त्याचं प्रारब्ध; पूर्वकर्मात असेल तसं होईल. दुसरा म्हणतो, देवानं बुद्धी दिली आहे, त्यानं ती वापरली नाही, म्हणून शिक्षा त्यालाच. पहिलं उत्तर नम्रतेचं दिसतं, दुसरं न्यायाचं. आमच्या मते दोन्हींत एकच सोय आहे: मोठ्या माणसाला जागचं उठावं लागत नाही.

गेल्या चाळीसएक वर्षांत जगभर या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला. कोणती मुलं नशेकडे जातात आणि कोणती जात नाहीत, हे हजारो मुलांना लहानपणापासून मोठेपणापर्यंत पाहून तपासलं गेलं. निष्कर्ष कोणाही समंजस आजीला पटेल असाच आहे. घरात कोणी व्यसनी असणं, घरात रोजची मारहाण-भांडणं, पोराकडे कोणाचं लक्ष नसणं, शाळेत मागे पडणं किंवा शाळा सुटणं, सोबती नशा करणारे असणं, वस्तू कोपऱ्यावर सहज मिळणं, मनाला लागलेलं एखादं दुःख कोणाला सांगता न येणं. यांतलं एकेक ओझं वाढत गेलं की धोका वाढत जातो. आणि सुरुवात जितक्या लवकर, तितकी पकड घट्ट. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की, चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी दारूला तोंड लावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढं कधी ना कधी दारूच्या पूर्ण आहारी गेले. विशी गाठल्यावर ज्यांनी सुरुवात केली त्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. कोवळ्या वयात मेंदूची घडण चालू असते. विशीच्या मध्यापर्यंत ती पुरी होत नाही. आवर घालणारा भाग सर्वांत शेवटी पिकतो. ओल्या भिंतीवर हात ठेवला तर ठसा उमटतो, तसं हे आहे.

पण याच अभ्यासानं दुसरी बाजूही दाखवली, आणि ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. तितकीच ओझी डोक्यावर असलेली कित्येक मुलं नशेकडे गेलीच नाहीत. त्यांच्यात निराळं काय होतं? पैसा नव्हता, कुळ नव्हतं. कोणीतरी एक मोठं माणूस त्यांच्यावर लक्ष ठेवून होतं, आई, आजी, मामा, एखादी शिक्षिका. संध्याकाळी जायला एक ठिकाण होतं. हातात करण्यासारखं काही होतं आणि ते केल्यावर ‘‘छान केलंस’’ म्हणणारं कोणी होतं. घरी काही नियम होते आणि ते रोज तेच होते. बापाच्या लहरीप्रमाणे बदलत नव्हते. म्हणजे धोका हे प्रारब्ध नव्हे. ते पावसाळी आभाळ आहे, आणि डोक्यावर घोंगडी घालणारं कोणी असेल तर पोर कोरडं राहू शकतं.

आइसलँड म्हणून युरोपच्या पार उत्तरेला एक बर्फाळ बेट आहे. तिथं १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगलेली असायची. त्या लोकांनी मुलांना भाषणं देणं कमी केलं. रात्री मुलांनी एकटं बाहेर फिरू नये हा नियम पाळायला लावला, आईबापांना मुलांबरोबर अधिक वेळ घालवायला सांगितलं, आणि खेळ, गाणं, वाजवणं यांसाठी सरकारी पैसा लावला. २०१६ साली ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. हे वाचून आम्हांस थोडं हसूच आलं. संध्याकाळी पोरांना एकत्र बसवून गाणं-वाजवणं शिकवणं, यासाठी आपल्या गावाला कोणत्या बेटाकडे पाहण्याची गरज आहे काय? विठ्ठलमंदिर आहे, टाळ आहेत, पखवाज आहे, एकादशी दर पंधरा दिवसांनी येतेच. प्रश्न असा की त्या देवळात पंधरा वर्षांचा मुलगा किती वेळा दिसतो, आणि दिसला तर त्याला आपण काय करायला देतो? सतरंजी अंथरायला?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायदा आहेच, त्याची वाण नाही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणं २००३ च्या कायद्यानं बंद आहे. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, पुढच्या आदेशांत खर्रा-मावाही आला. मुलाला नशेची वस्तू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वाचकांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. ‘‘एक खर्रा घोटून आण’’ म्हणून पोराला पाठवणाऱ्यांनी आणि त्याच्या हाती पुडी ठेवणाऱ्यांनी विशेष करून वाचावं. लाखांदूरहून वडशाकडे गेलं की गडचिरोली जिल्हा लागतो; तिथं १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी, विशेषतः बायांनी, मागून घेतली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. गावाचं मन मागे उभं असलं तर कायद्याला बळ येतं, नसलं तर तो कागदावर झोपतो, एवढंच यावरून आम्ही घेतो.

आता आमच्या मनाला खरा टोचणारा मुद्दा. असं धरून चला की, एका गावचं भजनी मंडळ आहे. त्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा पखवाज वाजवतो. बाप दारूनं गेला, आई रोवण्याला-कापणीला जाते. हात चांगला आहे; बुवा म्हणतात, चार वर्षांत तालुक्यात नाव काढील. एके दिवशी कळतं की हा मुलगा खर्रा तर खातोच, शिवाय पंक्चरचं सोल्युशन फडक्यावर घेऊन हुंगतो. (ही नशा मोठ्यांपेक्षा मुलांतच अधिक आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघालं. सायकलच्या दुकानात ती मिळते, स्वस्त मिळते.) मंडळाची बैठक बसते. आई दाराशी उभी राहून म्हणते, ‘‘काय करू जी महाराज, पोट्टं आयकतच नाही.’’ आणि ज्येष्ठ मंडळी ठरवतात की याच्या हातून पखवाज काढून घ्यावा. देवाचं वाद्य आहे, बाटलेल्या हातानं वाजू नये. शिवाय दुसरी पोरं याचं पाहून बिघडतील.

या ठरावात काही तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या मुलांची काळजी खोटी नाही. सोबत्याचं व्यसन हे मोठं ओझं आहे, हे वर आम्हीच लिहिलं. देवाच्या दारी शुचिता हवी, हेही खरं. पण पाहा, त्या मुलाच्या बाजूला काय काय होतं? बाप नाही, घरी लक्ष द्यायला वेळ नाही, शाळा सुटत चाललेली. एवढ्या सगळ्यात घोंगडी म्हणावी अशी एकच वस्तू त्याच्याजवळ होती, ती म्हणजे हा पखवाज. संध्याकाळी जायचं ठिकाण तेच, ‘‘वा!’’ म्हणणारं माणूस तिथंच. ती काढून घेतली की सातपासून दहापर्यंतची त्याची वेळ कोठे जाईल? ती सायकलच्या दुकानामागेच जाईल. म्हणजे ज्या संगतीपासून त्याला तोडायचं, तिच्याच हवाली त्याला आपण करणार, आणि वर म्हणणार, संगतीनं बिघडला.

आमच्या समजुतीप्रमाणे माळ आणि पखवाज यांत फरक करावा. माळ ही प्रतिज्ञा आहे. ती घालणाऱ्यानं नियम पाळलेच पाहिजेत, आणि जो आज ते पाळू शकत नाही त्याला माळ घालण्याची घाई कोणी करू नये. मोडलेली प्रतिज्ञा मुलाला आणखी खचवते. पखवाज ही शिकण्याची जागा आहे. शिकणाऱ्याच्या अंगी दोष असायचेच. पंढरीत पायावर डोकं ठेवायला उभं राहणाऱ्याला, तू काल काय खाल्लंस असं कोणी विचारत नाही. बडव्यांच्या काळीही हा प्रश्न कोणी विचारला नाही! मग गावच्या देवळात वादकाची तपासणी का? नियम हवा तर एकच ठेवावा: भजनाच्या वेळी नशा करून येऊ नये, आला तर त्या दिवशी मागे बसावं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. आणि दुसऱ्या मुलांच्या काळजीसाठी एका जाणत्या माणसानं रोज त्या मुलाला घरून आणावं आणि घरी पोचवावं. हे काम बैठकीत ठराव करण्याइतकं सोपं नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

नुसत्या भजनानं व्यसन सुटेल, असंही कोणी समजू नये. पकड बसली की तो आजार असतो. आजाऱ्याला वैद्य लागतो. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, तेव्हापासून हजारो माणसं तिथून उठून घरी गेली आहेत. आपल्या बाजूला जिल्हा रुग्णालयात जाऊन मनाच्या आजारांचे डॉक्टर विचारावेत. १४४४६ हा सरकारचा फुकट फोन आहे, तिथं नाव न सांगताही सल्ला विचारता येतो. मात्र ‘‘नकळत जेवणात घाला, दारू सुटेल’’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नये. असल्या काही पुड्यांतलं औषध पोटात असताना दारू पोटात गेली तर माणूस मरूही शकतो. देवळात नेऊन बळेच शपथ घालण्याचंही तसंच. शपथ मोडली की पोर देवालाही टाळू लागतं.

माळकरी घरांविषयी एक शब्द. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही, तिथं पोर असं कसं निघालं, म्हणून आईबाप रडतात. आम्ही अशी घरं पाहिली आहेत की जिथं नियम कडक आहेत आणि बोलणं मात्र बंद आहे. मुलाला एकदा बिडी ओढल्याचं सांगायचं असेल तर कोणापाशी सांगावं हेच कळत नाही. तो लपवतो. लपवायला शिकला की पुढचं सगळंच लपून होतं. नियमाबरोबर कान हवा. रात्री जेवताना, ‘‘आज काय झालं रे?’’ एवढं रोज विचारणारा बाप, वर्षातून एकदा उपदेश करणाऱ्या बापापेक्षा पोराला अधिक सांभाळतो. आणि विचारताना मारायला हात उचललेला नसावा.

आता थोडं आपल्या मंडळींकडे. दारू-मटण सोडलेला, नियमानं एकादशी करणारा माळकरी अभंग संपला की कमरेची चंची काढतो, चुना लावतो आणि शेजाऱ्यापुढे तळवा करतो. दिंडीत विसाव्याला हेच, आणि झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार-नाटकं होतात, तेव्हा तर ठेल्यांच्या रांगाच लागतात. तंबाखूचा नियम माळेत नाही, असं म्हणणारे भेटतात. नसेल. पण शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या टाळकऱ्याला हा बारकावा कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की देवाचं झालं, आता तंबाखू. खर्र्यातली सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगाला कारण होते, असं जागतिक तज्ज्ञांच्या मंडळानं २००४ साली प्रसिद्ध केलं आहे. ती चघळून चघळून गालाच्या आतली कातडी आक्रसते, आणि पुढंपुढं तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे ज्यानं त्यानं आज घरी करून पाहावं. टाळकऱ्यांनी तर जरूर पाहावं. ज्याचं तोंड दोन बोटं उघडतं, त्याचा गजर तरी कसा निघणार?

एका गोष्टीचा निर्णय मात्र आम्हांस अजून लागलेला नाही, तो वाचकांपुढे ठेवतो. पंधरा वर्षांच्या मुलाला घोंगडी घाला असं आम्ही म्हणतो. पण त्याचा तो बाप, जो दारूनं गेला, तोही कधीकाळी पंधरा वर्षांचा होता, आणि त्यालाही कोणीतरी ठेल्यावर पाठवलं होतं. मग तो दोषी होता की नव्हता? वय किती झालं की ओझं दुसऱ्याचं संपतं आणि दोष त्याचा सुरू होतो? कायद्यानं अठरा ही रेघ ओढली आहे. संतांच्या घरी अशी रेघ आहे काय? माणसाला करणी चुकली हे स्वतः कळल्याशिवाय तो मागे फिरत नाही, म्हणून दोष पुरता पुसून टाकला तर परतीची वाटही पुसली जाईल, असं एक मन म्हणतं. त्याला आधी कोणी हाताला धरलं असतं तर हे कळायला मरण लागलं नसतं, असं दुसरं म्हणतं. कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात जाणती मंडळी भेटतील, त्यांच्यापुढे हा प्रश्न घालण्याचा आमचा विचार आहे. तोवर पखवाज त्या पोराकडेच राहू द्यावा.